बाहुलीचे घर आणि धीराचा धडा



'जरा धीर धर, घाई करू नकोस,' हे वाक्य आपण घरातल्या मुलांना दिवसातून किती वेळा ऐकवतो? आणि आपण स्वतः दिवसातून किती वेळा धीर धरतो? लोकल पाच मिनिटे उशिरा आली की आपला जीव वरखाली होतो. मोबाइलवर पाठवलेल्या निरोपाला लगेच उत्तर आले नाही की मनात नाही नाही ते विचार येतात. रेशनच्या रांगेत, डॉक्टरांच्या दवाखान्यात, बँकेच्या खिडकीपुढे आपली चुळबुळ सुरू होते.

मी स्वतः तापट स्वभावाचा माणूस आहे. घरचे तसे म्हणतात आणि ते खरे आहे. धीर या गुणावर मी पुष्कळ प्रवचने ऐकली, पण त्याचा पहिला धडा मला मिळाला तो बाल्कनीत, प्लायवूडच्या भुशात बसून, माझ्या मुलीसाठी बाहुलीचे घर बांधताना. त्या अनुभवातून जे शिकलो ते पालकांच्या उपयोगी पडेल, म्हणून आज हा लेख.

सुरुवात कशी झाली

मुलगी तेव्हा तिसरीत होती. एका दुकानात तिने लाकडी बाहुलीघर पाहिले आणि हट्ट धरला. किंमत ऐकून मी मागे फिरलो. घरी येताना तोंडातून निघून गेले, "त्यात काय मोठेसे! पप्पा तुला नाताळपर्यंत घरीच बनवून देतील." जून महिना चालू होता. मला वाटले, चार रविवारचे काम आहे.

माझे काका सुतारकाम करून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे सल्ला मागायला गेलो. ते हसले आणि म्हणाले, "बांधायचंच असेल तर आपलं जुनं घर बांधू." आमचे वसईतले जुने कौलारू घर पाडून तिथे इमारत उभी राहिली, त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. काकांचे बालपण त्या घरात गेले होते. ओटी केवढी होती, माजघराचा उंबरा किती उंच होता, माळ्यावर जाणारा जिना कुठल्या बाजूने वळत होता, हे सारे त्यांच्या डोक्यात होते. माझ्याकडे त्या घराचा एकच जुना फोटो होता. मुलीला तर ते घर ठाऊकच नव्हते. असे आम्ही तिघे कामाला लागलो.

धडा पहिला : आधी कागद, मग पुठ्ठा, मग लाकूड

मी पहिल्याच रविवारी प्लायवूड घेऊन गेलो. काकांनी ते भिंतीला टेकवून ठेवले आणि माझ्या हातात पेन्सिल दिली. "आधी काढून दाखव."

बाहुलीघर बांधणारे जगभर जे माप सर्वांत जास्त वापरतात ते एकास बारा. खऱ्या घरातला एक फूट म्हणजे इथे एक इंच. सहा फुटांचा दरवाजा सहा इंचांचा होतो. दीड फूट उंचीच्या खुर्चीची बैठक दीड इंचावर येते. हिशेब सोपा आहे, पण चूकही त्याच हिशेबाने वाढते. काकांनी मला समजावले, "इथली एक मिलिमीटरची चूक म्हणजे खऱ्या घरात बारा मिलिमीटर, जवळजवळ अर्ध्या इंचाची फट. तुझ्या घराच्या दाराला अर्धा इंच फट असली तर चालेल का तुला?"

कागदावर नकाशा झाला. मग त्यावरून खोक्याच्या पुठ्ठ्याचे आख्खे घर तयार केले. त्यात तीन आठवडे गेले. मला तो वेळ फुकट गेल्यासारखा वाटत होता. पण पुठ्ठ्याच्या घरात मुलीने हात घालून पाहिला तेव्हा कळले की स्वयंपाकघराच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत तिचा हात पोहोचतच नाही. भिंत दोन इंच पुढे घ्यावी लागली. पुठ्ठ्यावर ती चूक कात्रीने सुधारली. लाकडावर तिची किंमत एक आख्खी फळी झाली असती.

संसारातही आपण असेच करतो. लग्न ठरवताना, घर घेताना, मुलांची शाळा बदलताना आपण थेट लाकडाला करवत लावतो. बसून विचार करण्यात जातो तो वेळ वाया गेला असे आपल्याला वाटते.

धडा दुसरा : फेविकॉलला वाळू द्या

जुलैत भिंती उभ्या करायला घेतल्या. सहा मिलिमीटरचे प्लायवूड, कोपऱ्यांना आतून लाकडी ठोकळे आणि सांध्यांना फेविकॉल. काकांचा नियम असा की आधी डिंक न लावता कोरडी जुळणी करायची, गुण्या लावून प्रत्येक कोपरा काटकोनात आहे की नाही ते पाहायचे आणि मगच डिंक लावायचा. लावल्यावर शिकंजे आवळायचे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही.

हा पांढरा डिंक कसा काम करतो हे काकांनी सांगितले, तेव्हा मला पहिल्यांदा कळले. त्यात पाणी असते. ते पाणी थोडे लाकडात मुरते आणि थोडे हवेत उडून जाते, तेव्हा डिंक घट्ट होतो. तासाभरात सांधा धरल्यासारखा वाटतो, पण पुरती ताकद यायला साधारण चोवीस तास लागतात. पावसाळ्यात हवा दमट असते, म्हणून त्याहूनही जास्त.

काका त्या रात्री घरी गेले. मला दुसऱ्या दिवशी कामावर जायचे होते आणि पुढचा रविवार फार लांब वाटत होता. जेवण झाल्यावर सांधा बोटाने दाबून पाहिला. पक्का वाटला. मी शिकंजे काढले आणि वरचा मजला बसवायला घेतला. मजल्याचा भार पडताच डावी भिंत हळूच बाहेर झुकली. घाबरून ती मागे ओढायला गेलो तर सांध्यापाशी प्लायवूडचा वरचा पापुद्राच सोलून निघाला.

पुढच्या रविवारी काकांनी भिंत पाहिली. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "आता नवी काप." नवी भिंत कापणे, घासणे, जुळवणे यात दोन रविवार गेले. एका रात्रीची सबुरी मी ठेवली नाही, त्याची ही भरपाई.

त्या दोन रविवारी एक गोष्ट मनात पक्की बसली. थांबणे म्हणजे काम बंद असणे नव्हे. डिंक वाळत असतो तेव्हा काम चालूच असते. फक्त ते काम आपले हात करत नसतात. आजारी माणूस बरा होत असतो, भांडण झालेले दोघे भाऊ आतून निवळत असतात, परीक्षेत नापास झालेले पोर पुन्हा उभे राहण्याचे बळ गोळा करत असते. अशा वेळी आपण रोज बोटाने दाबून पाहतो, 'झाले का? झाले का?' आणि सांधा धरण्याआधीच शिकंजा सोडतो.

थोडा इतिहास

हा छंद मुलांचा समजला जातो, पण त्याचा उगम मोठ्यांच्या घरात झाला. जर्मनीतील बव्हेरियाचा ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा याने 1558 च्या सुमारास एक बाहुलीघर करवून घेतले. ज्यांची लेखी नोंद आहे अशा अगदी जुन्या बाहुलीघरांत त्याची गणना होते. ॲमस्टरडॅममध्ये पेट्रोनेला ओर्टमन या श्रीमंत गृहिणीने 1686 ते 1710 च्या दरम्यान आपले बाहुलीघर सजवले. कपाटाएवढे ते घर आज तिथल्या राइक्स संग्रहालयात आहे. वीस वर्षांहून अधिक काळ ती बाई एका घराच्या खोल्या भरत होती!

सर्वांत प्रसिद्ध आहे ते इंग्लंडच्या राणी मेरीचे बाहुलीघर. 1921 ते 1924 या काळात ते तयार झाले. त्याचे वास्तुरचनाकार होते सर एडविन ल्यूटेन्स. आपल्या देशाची राजधानी नवी दिल्ली ज्यांनी आखली, तेच हे ल्यूटेन्स. एकीकडे दिल्लीत व्हाइसरॉयचा प्रचंड वाडा, म्हणजे आजचे राष्ट्रपती भवन, उभा राहत होता, आणि त्याच वर्षांत तोच माणूस एकास बारा मापाच्या घराचे जिने आखत होता. सुमारे दीड हजार कलाकार व कारागिरांचे हात त्या घराला लागले. त्यात नळाला पाणी येते, विजेचे दिवे लागतात, लिफ्ट चालते. ग्रंथालयात त्या काळच्या लेखकांनी दिलेली चिमुकली पुस्तके आहेत. सर आर्थर कॉनन डॉइल यांनी खास त्यासाठी शेरलॉक होम्सची एक छोटी कथा लिहिली. 1924 साली वेम्ब्लीच्या प्रदर्शनात सोळा लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. आज ते विंडसरच्या किल्ल्यात आहे.

अमेरिकेत मूकपटांची नायिका कॉलीन मूर हिने 1928 साली सुरू केलेला परीमहाल पुरा व्हायला 1935 साल उजाडले. मंदीच्या त्या काळात तो गावोगावी दाखवून तिने गरजू मुलांच्या संस्थांसाठी निधी उभा केला. आता तो शिकागोच्या संग्रहालयात आहे.

आपल्याकडे तरी काय वेगळे? आजीच्या ट्रंकेतली पितळी भातुकली आठवा. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणारी मुले आठवा. नाताळचा गोठा करताना गवताची काडी न् काडी लावणारे आपले तरुण आठवा. मोठ्या गोष्टी लहान करून हाताने घडवायच्या, ही हौस आपल्यालाही परकी नाही.

धडा तिसरा : लाकडाला दिलेला वेळ माणसालाही द्या

सप्टेंबरात रंगकाम आले. इथेही घाईला जागा नाही. आधी शंभर नंबरचा पॉलिश पेपर, मग दीडशे, मग दोनशेवीस, आणि घासायचे ते लाकडाच्या रेषांच्या दिशेने. नंतर प्रायमर. तो वाळला की पुन्हा हलक्या हाताने घासायचे. मग रंगाचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिला तर वरून साय धरते, आतला रंग ओलाच राहतो आणि पुढे त्याला तडे जातात किंवा ओघळ येतात. हे सगळे मी आता नीट पाळत होतो. काकाही म्हणाले, "शिकलास रे!"

एका शनिवारी संध्याकाळी मी माजघराच्या जमिनीला दुसरा हात दिला आणि चहा प्यायला आत आलो. परत गेलो तर माझी मुलगी घरापुढे बसली होती. तिने आपली बाहुली माजघरात उभी केली होती. ओल्या रंगात बाहुलीच्या पावलांचे दोन ठसे उमटले होते.

मी ओरडलो. नुसता ओरडलो नाही, नको ते बोललो. "तुझ्यामुळेच सगळं बिघडतं," असे बोललो. तिने बाहुली उचलली, फ्रॉकला रंग लागलेला तसाच ठेवून ती आत निघून गेली. त्यानंतर आठवडाभर ती बाल्कनीत फिरकली नाही. "कौलं कापायला येतेस का?" असे विचारले तर म्हणे, "नको पप्पा, माझ्याकडून चुकेल."

काकांना मी ही हकिकत सांगितली ती तक्रारीच्या सुरात. त्यांनी चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाले, "लाकडाला तू चोवीस तास देतोस. पोरीला चोवीस सेकंद नाही दिलेस?"

वाचकहो, माझ्याजवळ उत्तर नव्हते. घर कुणासाठी बांधायला घेतले होते हेच मी विसरलो होतो. प्लायवूडपुढे धीर धरणे सोपे आहे. प्लायवूड उलट उत्तर देत नाही, मध्येच प्रश्न विचारत नाही, त्याला भूक लागत नाही. मी लाकडापुरता शांत झालो होतो, माणसांसाठी नव्हे. संत पौल प्रीतीचे वर्णन करताना पहिली गोष्ट सांगतात ती सहनशीलतेची, याचा अर्थ मला त्या दिवशी लागला. सहनशीलता हा प्रीतीचा गुण आहे. जिथे प्रीती आटते तिथे उरते ते फक्त चांगले सुतारकाम.

त्या रात्री मी मुलीच्या बिछान्यापाशी बसलो आणि तिची क्षमा मागितली. बाप असून मुलीपुढे नमते घेणे मला जड गेले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पप्पा, ते ठसे घासून काढायचे का?" मी म्हटले, "तू सांग." ती म्हणाली, "राहू देत. वर चटई टाकू."

ती चटई झाडूच्या काड्या दोऱ्याने विणून तिने स्वतः केली. ती आजही त्या माजघरात आहे आणि तिच्याखाली ते दोन ठसेही आहेत.

धडा चौथा : सातशे कौले

छपराचे काम नोव्हेंबरच्या मध्यावर निघाले. जाड पुठ्ठ्याची, सव्वा इंच लांब आणि पाऊण इंच रुंद अशी कौले कापायची, गेरूच्या रंगात रंगवायची आणि एकेक चिकटवायची. दोन्ही उतारांना मिळून सातशेच्या आसपास लागणार होती. कौले लावायची ती खालच्या कडेपासून, म्हणजे वरची ओळ खालच्या ओळीवर चढते. खऱ्या छपरावर पाणी आत न शिरण्यासाठी हाच क्रम असतो. वरून सुरुवात करता येत नाही, मधल्या ओळी गाळता येत नाहीत.

रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास, पंधरा कौले. त्याहून जास्त नाही. मी कापायचो, मुलगी रंगवायची, काका येतील तेव्हा ओळ सरळ आहे का ते पाहायचे. डिसेंबर आला आणि स्पष्ट दिसू लागले की नाताळपर्यंत घर पुरे होणार नाही. ही गोष्ट मुलीला सांगताना माझ्या पोटात गोळा आला. तिने छपराकडे पाहिले आणि म्हणाली, "पुढची बाजू झालीय ना? मग आपण ते भिंतीला लावून ठेवू. कुणाला मागचं दिसणार नाही."

त्या नाताळात आमच्या घरात गोठ्याशेजारी एक अर्ध्या छपराचे घर होते. शेवटचे कौल लागले ते जानेवारीच्या अखेरीस. त्या रविवारी काका आले. त्यांनी आपली खुर्ची जवळ ओढली, वाकून ओटीत पाहिले, माजघरात पाहिले, बोटाने जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग मुलीला जवळ घेऊन म्हणाले, "ही बघ ओटी. इथे बसून माझी आई आमची वाट बघायची." मुलीने विचारले, "किती वेळ?" काका म्हणाले, "आम्ही येईपर्यंत."

घरी करून पाहण्यासाठी

ज्यांना मुलांबरोबर हा छंद सुरू करावासा वाटतो त्यांच्यासाठी काही सूचना :

• पहिले घर लाकडाचे नको. बुटांच्या दोन खोक्यांपासून सुरुवात करा. आइस्क्रीमच्या काड्यांची जमीन, काडेपेटीचे कपाट, जुन्या साडीच्या तुकड्याचे पडदे, एवढ्यात छान घर होते.
• पाते, करवत आणि झटपट चिकटणारा डिंक मोठ्यांनीच हाताळावा. लाकूड घासताना नाकातोंडावर रुमाल बांधावा.
• वेळ ठरवून घ्या. रोज अर्धा तास पुरे. थकलेल्या हातांकडून चुका होतात आणि चुकांतून चिडचिड.
• दिवे बसवायचे असतील तर तारा आधी ओढा, भिंतींना कागद नंतर लावा.
• मुलाने केलेले वाकडे काम त्याच्या पाठीमागे सरळ करू नका. ते त्याला कळते.
• तारखेचे वचन देऊ नका. 'रोज थोडे करू' एवढेच वचन द्या आणि ते पाळा.

चिंतनासाठी प्रश्न

1. गेल्या आठवड्यात मी कोणावर घाईने ओरडलो किंवा ओरडले? त्या व्यक्तीची मी क्षमा मागितली आहे का?
2. मी कामात, यंत्रापुढे किंवा परक्या माणसांपुढे जेवढा धीर धरतो, तेवढा घरातल्या माणसांपुढे धरतो का?
3. माझ्या ओळखीतला कोणता सांधा सध्या वाळतो आहे? मी तो पुन्हापुन्हा दाबून पाहतो आहे का?
4. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीत असे काय आहे, जे मुलांबरोबर बसून हातांनी घडवता येईल?

या आठवड्यात एक संध्याकाळ टीव्ही आणि मोबाइल बाजूला ठेवून घरातल्या मुलांबरोबर एखादी छोटी वस्तू हाताने करून पाहा. ती वाकडी झाली तरी चालेल. वर टाकायला चटई करता येते.